बापूंची घोंगडी

आमची वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, पोलादपुरातनं वर जाताना, नाव नाय सांगत, माणसा माझीच हायत. मी महाडला शिवणाचा काम करतो, शाळेचे गणवेश शिवतो, नाटकवाल्यांचे अंगरखे शिवतो, आणि नाटका पण मीच लिवतो. ऐतिहासिक. सातवी शिकलेला माणूस मी, पण तलवारी सगळेच दाखवतात, गडाचा दगड कोणी वाहिला, चुना कोणी मळला, ती माणसा कुठं दिसत नाय म्हणून लिवायला लागलो.

काय सांगू तुम्हाला, आमच्या जत्रेत नाटक झाल्याबिगर जत्रा झाली असा वाटत नाय. मुंबईची माणसा रजा टाकून येतात. सामान सगळा घराघरातनं मागून आणायचा, कोणाचा तांब्या, कोणाचा पाट. गावात ऱ्हायचो तवा एका साली मी लिवला एका पाथरवटाच्या विधवेचा नाटक. पाटील तिला वाळीत टाकतो, विहीर बंद करतो, ती गडावर फिर्याद नेते, मग सदरेचा कारकून चौकशीला येतो आणि पुढं होऊन बघणाऱ्यांनाच इचारतो, हिला पाणी कोणी नाय दिला? मुद्दाम तसा लिवलेला. आमच्या वाडीत तवा खरंच एक घर गावकीनं वाळीत टाकलेला, विहीर बंद केलेली, आणि नाटक बघून घरी जाताना माणसाला काहीतरी टोचला पायजे ना.

नाटकातल्या पाटलाला घोंगडी पायजे व्हती. गावात चांगली घोंगडी एकच, बापूंची. बापू म्हणजे माझे चुलते, गावकीचे अध्यक्ष. मी मागितली, त्यांनी हौसेनं दिली, जपून वापर रे म्हणाले. देवीशप्पत सांगतो, माझ्या मनात काय नव्हता. पण पाटील पडद्यापुढं आला आणि बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, कोणी बापूंकडं वळून बघायला लागला, आणि पुढच्या खुर्चीत बापू आपल्याच घोंगडीकडं बघत बसलेले. मग कारकुनानं इचारला, पाणी कोणी नाय दिला, तर अख्खा मांडव गप.

दुसऱ्या दिवशी गावकी बसली. देवीपुढं नारळ ठेव, माफी माग आणि तो प्रवेश फाडून टाक म्हणाले. घोंगडीची माफी मागतो म्हटला, पाया पडतो, प्रवेश नाय फाडत. मग मी पण वाळीत. आय गेली तवा खांदा द्यायला बायकोचे भाऊ घाटावरनं आले, आमच्यातला एक नाय. त्याच्यानंतर महाडला आलो, बारा वर्षा झाली. लोक म्हणतात कायदा हाय, केस कर. केस कोणावर करू, ज्यानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्याच्यावर?

दुसऱ्या वाड्या तेच नाटक करतात. एका गावात कारकुनानं इचारल्यावर एक म्हातारी उठून म्हणाली, आम्ही सगळ्यांनीच नाय दिला रे, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या बाया वाळीतल्या घरच्या सुनेला हळदीकुंकवाला घेऊन गेल्या. बरा वाटला. पण खोटा कशाला बोलू, टाळ्या पडल्या की मला आमचाच मांडव आठवतो, तिथली धूळ, मागच्या जाळीतला करवंदांचा वास. लय आठवतो.

यंदा जत्रेआधी बापूंची सून, माझी वहिनी, दुकानात आली. आमच्याशी बोलणाऱ्याला दंड हाय, म्हणून ती शिलाई मशीनकडं बघून बोलली. घोंगडी ठेवली टेबलावर, खांद्याला फाटलेली. बापूंनी पाठवलीय, यंदा तेच नाटक हाय, पाटलाला लागंल. मी म्हटला, गो वहिनी, आणि मी? ती मशीनलाच म्हणाली, तुमचा अजून काय ठरला नाय. मी दोन दिवस बसून रफू केला, शिवण कुठं दिसू दिली नाय.

घोंगडी गावात गेली, मी हितंच. नाटकाच्या वेळी वहिनीनं फोन लावून पदराखाली धरला. सगळा ऐकला मी, शब्दन् शब्द, काय गाळला नव्हता. कारकून पुढं आला, म्हणाला, हिला पाणी कोणी नाय दिला? मांडव तसाच गप. मग एक खोकला आला, तो खोकला मी कुठंही वळखीन, आणि बापू म्हणाले, मी.

वाडीतल्या त्या वाळीतल्या घराला आता विहीर खुली झालीय म्हणतात. मला गावकीचा निरोप अजून नाय. येईल तवा येईल. देवी बापूंना बरा ठेवो, मी गावात पोचेपर्यंत तरी ठेवो.