सुधीरने फिरवलेली कॅरॅव्हॅन

हे सुधीरला विचारू नका, तो वेगळंच सांगेल. हा माझा मित्र ओमानमधल्या दुक्म बंदरावर क्रेन चालवतो. अवाढव्य टाक्या बोटभरही न चुकता जागेवर ठेवतो.

ईदच्या सुट्टीत आम्ही दोघं भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन इब्राजवळच्या वादीत गेलो. नदीचं खोरं एवढं मोठं, पण याला मुक्कामाला जागा पसंत पडेना. एका जागी वारा, दुसरीकडे उतार, तिसरीकडे बकऱ्या. चौथी पटली, उंचावर, खजुराच्या सावलीत. मी चहा ठेवला, तर हा मोबाइलवर दिशा बघतोय.

"अरे, झोपताना डोकं उत्तरेला येतंय! आईला कळलं तर जीव घेईल. गाडी फिरवू."

फिरवली. चाकं खडीत रुतली ती रुतलीच. ढकलून ढकलून आमच्या कंबरा गेल्या. शेवटी पिकअपमधून चाललेल्या एका ओमानी चाचांनी दोर बांधून गाडी ओढून काढली, पुन्हा होती तशी उभी केली आणि विचारलं, "क्यूं घुमाया?"

सुधीरने उत्तर-दक्षिण सगळं समजावलं. चाचा शांतपणे आत गेले आणि उशी उचलून पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली.

"खलास."

सुधीर मला म्हणतो, "मी हेच सांगणार होतो."