दीपमाळेवरून आलेला पहिला शब्द

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या महादेवाच्या देवस्थानाचा कारभार पाहणारे आदरणीय सावळेराम भाऊ, व्यासपीठावर बसलेले मुख्याध्यापक भगवंत गुरुजी, आमच्या महिला भजनी मंडळात सगळ्यांत वडील असलेल्या ठकूबाई आजी, ज्यांना आपण आज निरोप देतोय ते सुदर्शन आणि प्रांजल, आणि या सभामंडपात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या भगिनींनो आणि बांधवांनो, तुम्हा सर्वांना अंजनाचा मनापासून नमस्कार.

नावांचा हा क्रम मी घरी कागदावर लिहून, देवापुढे दोनदा वाचून आणलाय. कुणाचं नाव आधी आणि कुणाचं मागून, यावरून या देवळापुढे काय होऊ शकतं ते अख्ख्या गावानं पाहिलंय. हसू नका सुदर्शनराव, तुमच्यापर्यंत येतेच आहे मी.

मी दहावी शिकलेली बाई. मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे असतो, म्हणून हारतुरे नकोत असं मीच म्हटलं. हार उद्या सुकतो. त्याऐवजी दोघांना मिळून एक पितळेची समई दिली आहे, ती घासूनपुसून वापरली तर नातवंडांपर्यंत टिकेल. भाषणाला मात्र खर्च नाही, तेव्हा ते जरा लांबलं तर अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये.

प्रांजलला घोडेगावला पंचायत समितीत नोकरी लागली. सुदर्शन तिथंच मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकतोय. परवा बिऱ्हाड हलणार. माझं घर या दोघांच्या घरांच्या मधोमध. उजवीकडे प्रांजलचे वडील दादाभाऊ, कांदा-टोमॅटोवाले, घरात कुणी मोठ्यानं हसलं तरी विचारणारे, ‘काय झालं?’ डावीकडे सुदर्शनचे आजोबा नवसूबाबा, ज्यांच्या दारात अजून चार मेंढरं बांधलेली असतात. दोन्ही घरांची भांडणं आणि फोडण्या मला माझ्या ओट्यावर बसून कळतात.

ही दोघं पहिलीपासून एका वर्गात. पुढे जुन्नरला कॉलेजला एकाच एसटीनं. तिला मोटारसायकल त्यानं शिकवली आणि तिनं ती पहिल्याच दिवशी माझ्या तुळशीवर घातली. त्याचे सगळे ऑनलाइन अर्ज तिनं भरले, आणि प्रत्येक वेळी त्याचा फोटो बघून म्हणाली, “ह्यो फोटो बघून तुला कोण नोकरी देणार?” एकदा राखीपौर्णिमेला कुणीतरी तिला टोचलं, “याला नाय व्हय बांधायची?” ती म्हणाली, “दोस्ताला कशाला?” आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. तिच्या मनात काही नव्हतं. त्याच्याही नव्हतं. असेल तर त्यांना ठाऊक नव्हतं. शेजारच्या विहिरीत पाणी आहे हे आपण धरूनच चालतो, वाकून बघतो का कधी?

आता त्रिपुरी पौर्णिमेचं सांगते. गेल्या कार्तिकातली.

आपल्या दीपमाळेचा नेम नव्या सुनांना आणि पाहुण्यांना माहीत नसेल. दीपमाळेवर चढायचा मान नवसूबाबांच्या घराचा, डोंगरात वावरलेली माणसं म्हणून. एकानं वर चढायचं, एकानं खाली उभं राहून दोरीला बांधलेली टोपली भरायची. दिवे वरून खाली लावत यायचं. पहिली पणती लागल्यापासून शेवटची लागेपर्यंत वरच्यानं एक शब्द बोलायचा नाही. आणि शेवटची लागली, की त्याच्या तोंडून पहिला शब्द देवाचा. तो म्हणतो, ‘हर हर’, आणि गाव म्हणतं, ‘महादेव!’ त्याशिवाय कुणी जागचं हलत नाही.

वर सुदर्शन, खाली नवसूबाबा, असं चालत आलेलं. गेल्या वर्षी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. खाली कोण? प्रांजल आदल्या दिवशी माझ्या ओट्यावर वाती वळत होती. सुदर्शन आला आणि म्हणाला, “काय गं, वाती हायत का मेंढरं बांधायचे दोर?”

“तू वर चढ गपगुमान. खाली मी हाय.”

“तुला जमंल?”

“तुला बोलायचं नसतं, एवढं जमलं तरी लई झालं.”

बरं, पौर्णिमेच्याच संध्याकाळी दादाभाऊंनी पाहुणे बोलावलेले. प्रांजलसाठी पाहिलेलं स्थळ. मुलगा, त्याचे आई-वडील, मामा. पसंती झाली होती, दोन दिवसांनी सुपारी फुटायची होती. देवाचा उत्सव बघून जा म्हणून दादाभाऊंनी त्यांना इथं, या पहिल्या खांबापाशी, सतरंजीवर बसवलं होतं.

सूर्य डोंगराआड गेला, चंद्र वर आला, आणि सुदर्शन चढला. त्या दिवशी नदीकडून वारा सुटलेला. मी खाली तेलाच्या किटलीपाशी होते, म्हणून सांगते, मी डोळ्यांनी पाहिलंय. वरून खूण यायच्या आधी टोपली भरलेली असायची. त्याला वात हवी तेव्हा वात, तेल हवं तेव्हा तेल. वाऱ्यानं एक पणती पेटेना. त्यानं दोरी ओढली, तर टोपलीत वातीच्या टोकाला कापूर चोळून ठेवलेला. काडेपेटी सर्दाळली, त्यानं अजून खाली हातही केला नव्हता, तर दुसरी पेटी निघाली होती. ती वर बघत नव्हती. तो खाली बघत नव्हता. गाव एकेक करून बोलायचं थांबलं. ठकूबाई आजी माझ्या कानाशी म्हणाल्या, “अंजने, ह्ये दोगं एका जिवाची हायत गं.” मी किटलीतलं तेल चौथऱ्यावर सांडलं. तेल सांडून मला हळहळ वाटली नाही, असं आयुष्यात तेवढंच एकदा झालं.

अर्धी दीपमाळ लागली होती. त्यानं टोपली ओढली, आणि तिच्यात तेल नव्हतं, वात नव्हती. गुळाचा खडा होता. इतका वेळ धुरात तोंड मिटून राहिलेल्या माणसाचा घसा कोरडा पडला असेल, हे तिला कुणी सांगितलं? त्यानं तो खडा हातात घेतला आणि पहिल्यांदाच खाली बघितलं. तिनंही वर बघितलं. दिव्यांचा उजेड दोघांच्या तोंडावर होता. मंडळी, पोथीत साक्षात्कार असा शब्द मी पुष्कळदा वाचलाय. तो कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं.

मग शेवटची पणती लागली. सगळं गाव श्वास रोखून. सुदर्शननं तोंड उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

“प्रांजल!”

आणि सवयीनं अख्खं गाव ओरडलं, “महादेव!”

हसा, आज हसा. त्या वेळी कुणी हसलं नाही. सतरंजीवर पाहुणे, त्यांच्या शेजारी दादाभाऊ, मान खाली घातलेले. तो शेवटच्या पणतीपाशी दगडाला चिकटलेला, दिव्यांपेक्षा लाल. मागून कुणीतरी म्हणालं, “देव बदलला का काय राव?” दुसरा म्हणाला, “नेम मोडला, आता गावाला भोगावं लागंल.” मला खरंच भीती वाटली. देवाची वाटली, आणि त्या पोरीसाठीही वाटली. दोन दिवसांवर सुपारी, आणि तिचं नाव असं चारचौघांत दीपमाळेवरून आलेलं. तिचं आता काय होणार?

तेवढ्यात चौथऱ्यावरून आवाज आला, बारीक, पण न कापणारा. प्रांजलनं दोन्ही हात जोडले होते. “हर हर!”

गावानं पुन्हा म्हटलं, “महादेव!” त्याचा राहिलेला शब्द तिनं पुरा केला. त्या क्षणी नेमही पुरा झाला आणि तिचं उत्तरही देऊन झालं.

आलेल्या मुलाचे वडील उठले. त्यांचं नाव मी घेत नाही, पण त्या माणसाला माझा दंडवत आहे. ते म्हणाले, “दादाभाऊ, आमी दिवं बघाया आलो व्हतो. बघितलं. असं पुन्हा बघाया मिळायचं न्हाई.” आणि देवाला नमस्कार करून, लेकाच्या खांद्यावर हात ठेवून ते निघाले.

दादाभाऊ चौथऱ्यापाशी आले. म्हणाले, “पोरी, तुझं काय म्हणणं?”

ती म्हणाली, “अण्णा, त्याला खाली कुणीतरी लागतंच.”

दादाभाऊ काही बोलले नाहीत. नंतर कितीतरी दिवस बोलले नाहीत, घरातही नाही. जणू दीपमाळेवरचं मौन खाली उतरून त्यांच्याकडे राहायला आलं. प्रांजल रोज ताट वाढायची, ते जेवायचे, उठायचे. मी ओझरला विघ्नहराला जाऊन एवढंच मागितलं, की या माणसाचा पहिला शब्द कडू निघू देऊ नकोस.

आणि एका सकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. दादाभाऊ घरातून निघाले, माझ्या दारावरून गेले, आणि नवसूबाबांच्या दारात, मेंढरांच्या मधे उभे राहिले. बाबा डोळ्यांवर काळा चष्मा लावून उन्हाला बसलेले. दादाभाऊंनी हाक मारली,

“व्याही, चहा टाकाया सांगा.”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मंडळी, देव कुठं असतो हे मला भगवंत गुरुजींसारखं समजावून सांगता येणार नाही. पण खूप वेळ मिटलेलं तोंड उघडतं आणि आपोआप एक नाव बाहेर पडतं, तिथं तो जवळपास असावा, असं मला वाटतं.

प्रांजल, सुदर्शन, घोडेगाव लांब नाही, एसटी आहे. त्रिपुरीला या. टोपलीची दोरी मी नवी वळून ठेवली आहे. गुळाचा खडा मंडळाच्या खर्चानं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, दादाभाऊंनी समोर बसून डोळे पुसले, या सगळ्याचे उपकार मानते. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर लहान समजून पदरात घ्या. आणि क्रम एवढा पाठ करूनही एखादं नाव माझ्या तोंडून आपल्या जागेच्या आधी निघून गेलं असेल, तर त्याची मात्र मी माफी मागत नाही. या देवळानं ते कधीच माफ केलंय.

हर हर...