क्लूनाडरा पोस्टाच्या भिंतीवर लिहिलेल्या शब्दाबाबत

बॅलीकनल गार्डा (पोलीस) ठाणे, काउंटी रॉसकॉमन, आयर्लंड. दिनांक २ एप्रिल २०२५, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे.

नाव अट्रॅक्टा गेराटी, वय ६३, धंदा शाळेची बस चालवणे, राहणार क्लूनाडरा.

मी समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. मी वरील पत्त्यावर एकटी राहते. पती २०११ साली वारले. सोर्खा ही एकुलती मुलगी. सत्तावीस वर्षे मी एकाच मार्गावर बस चालवते. जबाब लिहून घेणारा गार्ड रोनन बर्न हाही त्याच बसने शाळेत जात असे. त्याला गाडी लागायची म्हणून मी त्याला पुढच्या सीटवर बसवत असे. हे लिहायची गरज नाही असे त्याचे म्हणणे आहे. माझे म्हणणे, लिहावे.

सोर्खा चार वर्षे फिंटन स्कॅली याच्याबरोबर राहत होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिने त्याला सोडले. का सोडले ते कोर्टात आलेले आहे, पुन्हा सांगत नाही. ती एनिसला भाड्याच्या घरात गेली. फोनचा नंबर बदलला. नवीन पत्ता जगात दोघींनाच माहीत होता, एक मी आणि दुसरी आमच्या पोस्टाची बाई कॉन्सेप्टा टॅन्सी. कारण दर पंधरा दिवसांनी मी सोर्खाला ब्राउन ब्रेड आणि चहा पार्सलने पाठवत असे आणि ते पार्सल कॉन्सेप्टाच्या हातून जात असे.

दिनांक ६ एप्रिल २०१९ रोजी सकाळी अकराच्या सुमारास फिंटन त्या दारात पोहोचला. सोर्खाचा जबडा दोन ठिकाणी आणि डावे कोपर मोडले. मी तीन वाजता इस्पितळात गेले. तिचे दात तारेने बांधलेले होते, त्यामुळे ती काही बोलली नाही. मी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही.

पत्ता कुठून मिळाला असे गार्डांनी विचारले तेव्हा फिंटन म्हणाला, "फोनने सांगितला." मला ते पटले नाही. कोणीतरी सांगितल्याशिवाय फोनला काय कळणार? फिंटनची आई ही कॉन्सेप्टाची मावसबहीण. मी कोणालाही काही विचारले नाही.

दिनांक ११ जून २०१९ रोजी पहाटे साडेपाच वाजता, पहिल्या फेरीच्या आधी, मी पोस्टाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर लाल रंगाने ‘खबरी’ असा शब्द लिहिला. अक्षरे हातभर उंचीची होती. आमच्याकडे हा शब्द एकदा घराला चिकटला की नातवंडांपर्यंत निघत नाही, हे गार्डांना सांगायला नको. मी साडेसातला बस काढली. मुलांनी खिडकीतून तो मोठ्याने वाचला.

भिंत दोन दिवसांत धुतली गेली. लोकांनी कॉन्सेप्टाला काही विचारले नाही. आपापली पेन्शन दुसऱ्या गावच्या पोस्टात नेली. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी तिच्या बाकावर कोणी बसेना. ऑक्टोबर २०२० मध्ये पोस्ट बंद झाले. तेव्हाच्या गार्डने माझ्याकडेही चौकशी केली होती. मी झोपले होते असे सांगितले. ते खोटे आहे.

त्याच उन्हाळ्यात मी सोर्खाच्या सहीने फिंटन ज्याचे नाव घेत होता त्या फोनवरच्या ॲपच्या कंपनीविरुद्ध डब्लिनच्या माहिती संरक्षण नियामक कार्यालयात तक्रार केली. तक्रारीत मी एकच प्रश्न विचारला होता, माझ्या मुलीचा पत्ता तुमच्याकडे कोणी दिला? उत्तरात कॉन्सेप्टाचे नाव येईल आणि ते मी पोस्टाच्या दारावर चिकटवीन, असा माझा हेतू होता. त्यांची चौदा पत्रे आली. सगळ्यांत ‘आपल्या संयमाबद्दल आभार’ असे होते.

दरम्यान सोर्खा देश सोडून गेली. कुठे गेली ते तिने मला सांगितलेले नाही. दर रविवारी एक वाजता तिचा फोन येतो, नंबर दिसत नाही. एकदा मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "आई, तुझ्यावर माझा विश्वास आहे. तुझ्या गावावर नाही." मी पुन्हा विचारले नाही.

दिनांक ११ मार्च २०२५ रोजी निकाल लागला. बसमध्ये रेडिओवर ऐकला. कंपनीला एकोणचाळीस कोटी युरो दंड. मंत्रिमहोदय म्हणाले, नागरिकांच्या खासगीपणाचा हा विजय आहे. दंड सरकारी तिजोरीत जायचा आहे, सोर्खाच्या जबड्याकडे त्यातले काही येत नाही. कंपनी म्हणाली, ग्राहकांचा विश्वास आम्हाला सर्वांत मोलाचा आहे, आणि लगेच अपिलात गेली. मी वाचनालयात जाऊन निकाल छापून घेतला. एकशे ऐंशी पाने झाली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अट्रॅक्टा, दोन्ही बाजूंनी छापते हं, किती कागद लागतोय." मी बरे म्हणाले.

उत्तर पान ९४ वर आहे. तिथे सोर्खा ‘ग्राहक क’ आहे आणि फिंटन ‘ग्राहक अ’. पत्ता कंपनीला ‘ग्राहक ब’च्या फोनमधून मिळाला. ग्राहक ब म्हणजे साठीकडे आलेली, शालेय बसची चालक. तिने पालकांच्या गटासाठी ते ॲप घेतले. ओळखीची माणसे शोधू का, असे ॲपने विचारल्यावर ‘हो’ दाबले. फोनमधली सगळी नावे कंपनीकडे गेली. त्यात ‘सोर्खा नवीन’ असे नाव, नवा नंबर आणि पुढे एरकोड, म्हणजे त्या एका घराचा स्वतंत्र पिनकोड, होता. आमच्या भागात सगळेच नावापुढे एरकोड लिहून ठेवतात, नाहीतर पार्सलवाला शेताशेतांतून फिरत बसतो. तो नकाशात टाकला की गाडी बरोबर त्या एकाच घरापुढे उभी राहते. कंपनीने हे सगळे सोर्खाच्या जुन्या नावाला जोडून ठेवले, आणि फिंटनने कंपनीकडून स्वतःची माहिती मागवली तेव्हा त्या माहितीबरोबर हेही त्याला देऊन टाकले. चूक कंपनीची आहे असे निकालात स्पष्ट म्हटले आहे. ग्राहक ब हिचा दोष नाही असेही म्हटले आहे. ते वाक्य मी पुष्कळदा वाचले. एरकोड मीच टाकला होता.

दिनांक २० मार्च रोजी मी कॉन्सेप्टाला भेटायला वृद्धाश्रमात गेले. तिला फुप्फुसाचा विकार आहे. सहा वर्षांत आमचे बोलणे नव्हते. मी म्हणाले, "कॉन्सेप्टा, भिंतीवरचं मी लिहिलं होतं."

ती म्हणाली, "मला काय आज कळतंय ते? तीस वर्षं तुझी पाकिटं हाताळलीत मी. हातभर उंच काढलंस म्हणून अक्षर बदलतं होय?"

"मग गार्डांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू लिहिलेलं खरं झालं असतं की गं."

नंतर तिने पाणी मागितले. मी दिले. ती म्हणाली, "मुलगी कशी आहे?" ती बरी आहे असे मी म्हणाले. मग ती म्हणाली, "अट्रॅक्टा, मला पुरायच्या दिवशी माणसं येतील का?" तिच्या बहिणीच्या अंत्यविधीला अकरा जण होते, त्यातले चार शवपेटी उचलायला आलेले दुकानाचे नोकर. मी तिचा पेला पुन्हा भरला. डॉक्टर उन्हाळ्यापर्यंत म्हणतात.

आज हे सर्व सांगितल्यावर गार्ड बर्न म्हणाला, "गेराटीबाई, भिंत धुतली, पोस्ट बंद झालं, तुमच्यावर आधीचा एकही गुन्हा नाही. समज देऊन सोडता येईल. एक सही करा आणि घरी जा. कोर्ट नाही, पेपर नाही."

मी विचारले, "मग गावाला कसं कळणार?"

"कळणारच नाही. तुमची माहिती आम्ही बाहेर देऊ शकत नाही. माहिती संरक्षणाचा कायदा आहे ना."

"कुणाचं संरक्षण?"

"तुमचंच."

मी हसले. हसले असे लिहावे, असे मी सांगितले.

तो म्हणाला, "मग रविवारी प्रार्थनेनंतर तुम्हीच उभं राहून सांगा की." मी सांगितले तर लोक म्हणतील, म्हातारीला कॉन्सेप्टाची दया आली, म्हणून आळ अंगावर घेते आहे. स्थानिक साप्ताहिकातले कोर्टाच्या बातम्यांचे पान मात्र आमच्याकडे सगळे वाचतात आणि खरे मानतात. म्हणून मी समज नाकारत आहे. माझ्यावर खटला भरावा. साप्ताहिकात माझे नाव, वय आणि गाव छापून यावे, आणि ते कॉन्सेप्टा टॅन्सी जिवंत असताना यावे, एवढी माझी विनंती आहे.

सोर्खा कुठे आहे ते मला माहीत नाही. पण ती आमचे साप्ताहिक वाचते, कारण गावात कोण गेले ते रविवारी ती मला माझ्या आधी सांगते. छापून आले की तिलाही पान ९४ कळेल. त्याआधी मी स्वतः सांगणार होते. निकालानंतर तीन रविवार झाले. तिन्ही वेळा तिने विचारले, "आई, जेवलीस का?" मी हो म्हणाले, आणि नंतर आम्ही हवेविषयी बोललो. आता हे कळल्यावर फोन येईल असे मला वाटत नाही.

येथवरचा मजकूर गार्ड बर्न याने मला सावकाश वाचून दाखवला. त्याने एके ठिकाणी ‘मुलीच्या दुःखामुळे रागाच्या भरात’ असे घातले होते. ते मी खोडायला लावले आणि शेजारी सही केली. रंगाचा डबा मी आदल्या दिवशी दुपारी आणला होता आणि ब्रश निवडायला मला पुष्कळ वेळ लागला होता. बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे.

सही
अट्रॅक्टा गेराटी