उशीवरचा स्वेटर

पोलीस ठाणे होर्नी स्कालकी, ब्रनोजवळ. नाव ड्राहोमीरा कुबेशोव्हा, वय ७३, निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार चर्चमागे, सदर गाव.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, माझे यजमान ओटाकार कुबेश गेल्या ऑक्टोबरात वारले. घरामागे उभे दगड रोवून, त्यांच्या फटींत त्यांनी बाग केली आहे. आल्प्सच्या कड्यांवर दगडाला चिकटून वाढणारी गोल झाडं ते तिथे लावत. अशा झाडाला आम्ही उशी म्हणतो. एक उशी त्यांनी बियांपासून वाढवली होती. वीसेक वर्षांत ती जेमतेम वाटीएवढी झाली. माझ्यापेक्षा तिचे लाड जास्त होते, हेही लिहा.

शेजारचे हिनेक स्लावीक यांनाही तोच नाद. उशीचा एक कोंब द्या म्हणून ते कायम मागे लागलेले असत. आमचे हे मुद्दाम चिडवायचे, "मी जिवंत असेपर्यंत चिमूटभरही मिळणार नाही." मग दोघे मिळून बिअर प्यायला जायचे.

थंडीआधी यजमान उशीवर काच बसवत, म्हणजे वरून पाणी आत जात नाही. या वेळी ती मी बसवली. जानेवारीत गारठा वाढला. उशी कुडकुडत असेल असं वाटून मी काच काढली आणि तिच्यावर यजमानांचा लोकरी स्वेटर पांघरला. मला राहवलं नाही.

काल सकाळी खिडकीतून पाहिलं तर स्लावीक कुंपण ओलांडून दगडांपाशी बसले होते. हातात चिमटा होता. मी बाहेर येईपर्यंत स्वेटर काखोटीला मारून ते निघून गेले. पाहते तर उशी मधोमध काळी पडलेली आणि कडेचे कोंब काढून नेलेले. स्लावीक यांनीच तिचा घात केला असं समजून मी ठाण्यात फोन केला.

पोलिसांबरोबर मी त्यांच्या घरी गेले. मागच्या पडवीत वाळूच्या कुंडीत थोडे हिरवे कोंब खोचलेले होते. कुंडीला चिठ्ठी होती, ओटाकारची उशी. स्वेटर दोरीवर वाळत होता. स्लावीक माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, बर्फाचं तिला काही नसतं. ओल्या लोकरीखाली कुजली ती. जेवढे जिवंत दिसले तेवढे कोंब काढले. तुम्हाला विचारलं असतं तर ती कशानं मेली तेही सांगावं लागलं असतं."

मी तिथेच पायरीवर बसले. त्यांना काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक शिव्याच दिल्या असतील.

माझी तक्रार मी मागे घेते. कोंब त्यांच्याकडेच राहू द्यावेत, मुळं धरेपर्यंत मी त्यांना हात लावणार नाही. स्वेटर मात्र आजच परत मिळावा, आणि स्लावीक यांनी तो धुऊ नये. यजमानांचा वास कुठे उरला असलाच तर तो त्यातच आहे.

लिहिलेलं मला वाचून दाखवलं. त्यात एक जुना स्वेटर असं होतं, तिथे ओटाकार कुबेश यांचा स्वेटर असं करून घेतलं. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे, म्हणून सही करते.