पहिल्या नंबरवर कोकिळा गादी घर

किसनराव : खरं सांग अक्षय, तू केलं तरी काय? मांगच्या महिन्यात आपल्या दुकानाचं पान नेटवर कुठीच दिसे नाही.

अक्षय : दिसे की काका. तुमच्या फोनवर पहिलंच दिसे.

किसनराव : माह्याच फोनवर! यवतमाळले माह्या दोस्तानं, वामनरावानं शोधलं, तं सतरा गादीवाले निघाले. आपलं नावच नाही.

अक्षय : तुमी दिवसातून दहादा उघडत होते. फोनले सवय लागली, म्हून तो तुमाले वर दाखवे. पन आता वामनरावकाकाच्या फोनवरही पहिलं हाय ना?

किसनराव : तेच तं इचारून राह्यलो. कसं काय?

अक्षय : नुसतं 'गादी' कोनी शोधत नाही. 'पाठदुखीसाठी कापसाची गादी' शोधतेत. ते शब्द टाकले, वणी-मारेगावचे नावं टाकले, अन गिऱ्हाइकायचे अभिप्राय.

किसनराव : आत्ता आला मुद्द्यावर. सकाळी एकाचा फोन आला, 'मार्डीच्या सुरभीताईले देली तशीच गादी भरून द्या.' कोन ही सुरभी?

अक्षय : असंन कोनाची सून.

किसनराव : मार्डीत घरोघरी बसून कापूस पिंजला म्या. लग्नाच्या गाद्या माह्याच हातच्या. सुना नाही माहीत मले?

अक्षय : काका, असे अभिप्राय सगळेच मनानं लेहतेत. त्याबिगर पान वर सरकत नाही.

किसनराव : तीस वर्षांत जुना कापूस नवा म्हून भरला नाही, अन तू माह्या नावावर लबाडी भरली! वाच पुढचं. चष्मा घरात हाय.

अक्षय : "कोकिळा, मारेगाव. या गादीवर आठ दिवस झोपले आणि माझी पाठदुखी गेली."

किसनराव : कोकिळा?

अक्षय : बाईचं नाव पाह्यजे होतं, तं दुकानाच्या पाटीवरचं घेतलं. म्हटलं, देवीचं असंन.

(चहा घेऊन आलेली बाई दारातच थबकते.)

किसनराव : देवीचं? अबे, तुह्या काकूचं नाव हाय ते!

अक्षय : बाप्पा! लहानपणापासून काकूच म्हनतो ना मी. नाव कायले कोन इचारते?

कोकिळा : पुन्यांदा वाच बरं ते.

अक्षय : "या गादीवर आठ दिवस झोपले आणि माझी पाठदुखी गेली."

कोकिळा : काहो, कोन्या गादीवर झोपली मी? आपल्या घरात तं सतरंजी हाय.

किसनराव : खोटं लेहलं त्यानं. अक्षय, सारं काढ. पान खाली गेलं तं जाऊ दे. गिऱ्हाइकायचे फोन बंद झाले तरी चालन.

अक्षय : काकूचंही काढू?

किसनराव : तिचं पयले काढ.

कोकिळा : काढ बाबा. पन माही पाठ दुखते, हे तुले कोनं सांगतलं?

अक्षय : कोनंच नाही काकू. सारे तेच शोधतेत, म्हून लेहलं.

किसनराव : तुही पाठ दुखते? कवापासून?

कोकिळा : माह्यासाठी भरलेली गादी तुमी वणीच्या गिऱ्हाइकाले देली, त्या हिवाळ्यापासून.