जेरेलचे हिरवे राक्षस

व्हेरोना : ती बरणी खाली ठेव, एव्हराल्ड.

एव्हराल्ड : नुसती धरलीय.

व्हेरोना : धरून घरभर फिरतोयस! त्या औषधाचा वास माझ्या भातात उतरेल. बस एका जागी.

एव्हराल्ड : बसवत नाही. उद्या आपला जेरेल क्लबात येणार, चिमुकल्या फौजांच्या लढाईत माझ्या बाजूनं खेळणार. आणि हे त्याचे बोटभर उंचीचे राक्षस बघ. रंग लावलाय की लापशी थापलीय? याचा डोळा तर हनुवटीवर आलाय.

व्हेरोना : दहा वर्षांचा होता रे तो.

एव्हराल्ड : म्हणून काय झालं? आत्ता यात बुडवले की संध्याकाळपर्यंत जुना रंग सुटेल. घासायचे, वाळवायचे, नव्यानं रंगवायचे. हात बसलाय माझा पुन्हा. महिनाभर सराव चाललाय.

व्हेरोना : ते दिसतंच आहे. आज पास्टर गात गात सांगत होते, की मोडकं लेकरू देव आधी तसंच छातीशी धरतो. अख्खं चर्च उभं राहून सूर देत होतं. आणि तू?

एव्हराल्ड : मीही गात होतो.

व्हेरोना : ओठ हलत होते. नजर नखातल्या हिरव्या रंगावर.

एव्हराल्ड : त्याला लाज वाटू नये म्हणून करतोय गं.

व्हेरोना : तेव्हाही असंच म्हणाला होतास. रंगकामाच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याच्या राक्षसांचा सरदार त्याला न विचारता रंगवलास. बक्षीस मिळालं. लोक टाळ्या वाजवतायत आणि पोराचं तोंड एवढंसं! त्यानंतर त्यानं ब्रश धरला नाही. तूही सगळं माळ्यावर टाकलंस. आता इतक्या वर्षांनी तो आपणहून विचारतोय, माझे राक्षस आहेत का अजून, आणि तू...

(दारावरची घंटा वाजते.)

व्हेरोना : आलाच बघ. ये राजा. चर्चला यायला पाय दुखतात, जेवणाला बरे चालतात!

जेरेल : तुझ्या भाताचा वास थेट ट्रामपर्यंत येतो, मम्मी. डॅड, त्या बरणीत रंग उतरवायचं औषध आहे ना?

एव्हराल्ड : हो.

जेरेल : माझे बुडवणार होतास?

एव्हराल्ड : होतो. अजून बुडवले नाहीत.

जेरेल : दाखव. अरे देवा! फार वाईट दिसतात.

एव्हराल्ड : दिसतात खरे.

व्हेरोना : एव्हराल्ड!

जेरेल : अगं, खरं तेच बोलतोय तो. पण उद्या मला हेच न्यायचेत, डॅड. असेच.

एव्हराल्ड : असेच?

जेरेल : असेच.

एव्हराल्ड : बरं. बरणी बाहेर ठेवतो. पण क्लबातले म्हणतील, ही एक फौज वाटत नाही. तुझे एका तऱ्हेचे, माझे दुसऱ्या. एक सुचवू? नको तर नको म्हण.

जेरेल : बोल तर.

एव्हराल्ड : पायाखालच्या चकत्या तेवढ्या सारख्या करू. सगळ्यांना तीच वाळू, तोच तपकिरी रंग, कडेला काळी रेघ. एकाच मातीवर उभे राहिले की एका फौजेचे दिसतात. घोट्याच्या वर हात लावायचा नाही.

जेरेल : कोणी?

एव्हराल्ड : मी.

जेरेल : मग तू वाळू चिकटव, मी रंगवतो. मात्र मध्ये बोलायचं नाही.

एव्हराल्ड : नाही बोलणार. अरे, ब्रश जरा आडवा... काही नाही. काही नाही.

व्हेरोना : भात वाढू का? अगोबाई, एवढी शांतता कसली? एव्हराल्ड, वाळू तर कधीच चिकटवून झाली. काय करतोयस तू?

एव्हराल्ड : काही नाही. खिशात हात घालून बसलोय.