खालून वर वाचणारा कारकून

नऊ! बायको गेल्याच्या रजेच्या इंग्रजी अर्जात नऊ चुका काढल्यान् हो, तुम्हाला सांगतो, आणि त्यासुद्धा लाल शाईने, एकेकीभोवती गोल करून, आणि खाली बारीक अक्षरात, "दुरुस्त करून पुन्हा सादर करावा"! आमचे हेडक्लार्क, सखारामपंत... माणूस वाईट नाही, पण कोणी रामनाम लिहून दिलं तरी आधी शुद्धलेखन बघतील. असो. चुका दाखवणारे रत्नागिरीभर मिळतात, वेचणारं एखादंच.

तर कचेरीची इंग्रजीची परीक्षा. दोनदा नापास झालेला मी, तिसरी संधी शेवटची, ती हुकली की पेन्शनीपर्यंत जावक बारनिशीच्या टेबलाशी पत्रं नोंदत! आता मला इंग्रजी येत नाही असं नाही हो, शाळेत शिकलोय, विचार मोठे, वाक्यं त्याहून मोठी, फक्त शब्दाशब्दाला ठेच लागते आणि लिहिताना ती कळत नाही! आणि मदतीला कोण यावं? आमची सगुणा! माहेर गुहागर, शिक्षण मराठी चौथी, इंग्रजीचं म्हणाल तर अक्षर ओळखीचं नाही. पडवीत सूप घेऊन बसली होती. मी सरावाचा इंग्रजी निबंध तिसऱ्यांदा वाचून म्हटलं, "झालं! एक चूक नाही!" तर ही मान वर न करता म्हणते कशी, "अहो, तुम्ही वरून खाली वाचता आणि आपल्याच गोष्टीत रमता. तांदूळ निवडताना मी भाताची चव आठवत बसले, तर मला खडा दिसेल का? खालून वाचा. शेवटला शब्द आधी."

वाचला. आणि काय सांगू... पहिल्याच ओळीत, म्हणजे शेवटच्या, दोन सापडल्या!

मग काय, बाईंनी शाळाच घातली. "सगळं एकदम नाही हं बघायचं. आधी खडे, मग साळी, मग किडे." म्हणजे एका फेरीत नुसती क्रियापदं, दुसरीत ती बारीकसारीक अव्ययं, तिसरीत स्पेलिंग. "आणि एका शेतातल्या तांदळात खडे एकाच जातीचे असतात. तुमचे तुम्हाला तोंडओळखीचे व्हायला हवेत." म्हणून माझ्या नेहमीच्या चुकांची वेगळी वही! आणि दर चुकीला अंगणातला एक तांबडा खडा आमटीच्या वाटीत. पहिल्या दिवशी वाटी शिगोशीग. "अगो बाई! हा निबंध की दगडांची पाखाडी?"

रोज सकाळी कचेरीआधी मी मोठ्याने खालून वर वाचतोय, ही वाटीत खडे टाकतेय, आणि गडग्यावरून शेजारच्या गंगुबाई, "काय गो सगुणा, घोव उलटं काय वाचतो तुझा? कोणावर करणी-बिरणी नाय ना करीत?" सगुणा म्हणाली, "करतात ना! सखारामपंतांवर." अशी ती. चुका दाखवणारे रत्नागिरीभर मिळतात...

वाटी उतरत गेली. अर्धी झाली. तळ दिसायला लागला. "एकदा पास व्हा हो," एवढंच म्हणायची, "मग त्या सखारामपंतांना घरी जेवायला बोलावू, आणि मुद्दाम एक खडा ठेवू भातात."

भाद्रपदात तिला ताप आला. तीन दिवस. शेवटच्या निबंधाचे चार खडे वाटीत होते. ते अजून आहेत. आमटी आता मी दुसऱ्या वाटीत घेतो.

तर तो अर्ज. स्मशानातून आल्यावर पडवीच्या पायरीवर बसून लिहिला, वरून खाली, एका दमात, आणि वाचला नाही. वाचायचं काय होतं त्यात?

परीक्षेला गेलो. गेलो म्हणजे... पायांना सवय होती. पेपर लिहिला, आणि अर्धा तास उरला तशी दौत जवळ ओढून, बोट ठेवून खालून वर निघालो. खडे, साळी, किडे. पर्यवेक्षक येऊन म्हणतो, "संपलं ना? मग द्या की इकडे!" म्हटलं, "साहेब, लिहून संपलंय. निवडायचं राहिलंय." तो दोन पावलं मागे सरला हो! बहुतेक गंगुबाईंचा नातेवाईक असावा. सापडल्या, सगळ्या सापडल्या. दर चुकीला नजर आपोआप बाजूला जायची, वाटीकडे. बाकावर वाटी कुठली...

पौषात निकाल लागला. पास! सखारामपंतांनी टेबलाशी बोलावलं, चष्मा नाकावर ओढला, एका हातात निकालाचा कागद, दुसऱ्या हातात माझा तो जुना अर्ज, लाल शाईचा. "अहो, मला हे कळत नाही! अडीच तासांचा पेपर असा स्वच्छ लिहिणारा माणूस, चार ओळींच्या अर्जात नऊ चुका करतो कशा?"

म्हटलं, "पंत, त्या दिवशी घरात निवडणारं कोणी नव्हतं."